तिसरी कॅसेट आधी पोचली

गुणाजी वेल्डरने जन्मात बर्फ पाहिला नव्हता, आणि त्याच्या कादंबरीत तर पहिल्या पानापासून बर्फ पडत होता. म्हणून एका दुपारी तो कॅम्पच्या मेसमधल्या शीतगृहात, टांगलेल्या मटणाच्या मधोमध, नुसत्या बनियनवर दहा मिनिटं उभा राहिला. बाहेरून जलाल आचारी दार बडवत होता, "अरे कोकणी, मरेगा क्या? निकल बाहर!" गुणाजी बाहेर आला, कानावरची पेन्सिल काढली आणि दात वाजत असतानाच तळहातावर लिहिलं, 'नाकातले केस टोचतात.'

हे मला आमच्या ह्यांनी सांगितलं. हे तिथे इंजिनिअर होते. ह्यांचं नाव मी घेत नाही, पुढे एकदाच घ्यावं लागणार आहे. यंदा गुणाजीला साठ वर्षं पूर्ण झाल्याचं त्याच्या मुलाचं पत्र आलं, तेव्हा तिकडच्या वर्षांतल्या वह्या मी माळ्यावरून काढल्या. रोज एक पान लिहायचं, वर 'श्रीराम', मग तिथी, मग दिवसभरातलं काय ते, असा माझा लग्नापासूनचा नेम आहे. त्या पानांतून गुणाजी वेचून काढून हे लिहिते आहे.

साल अठ्ठ्याहत्तर. आम्ही सौदीत अल खफजीला होतो, कुवेतच्या हद्दीला लागून. मागच्या खिडकीतून समुद्र दिसे, आणि समुद्रात लांब तेलाच्या विहिरींवरच्या ज्वाळा. दिवाळी नसताना कोणी पणत्या लावून विसरून गेल्यासारख्या. पैसा वाहत होता, माणसं येत होती, रोज कुठे ना कुठे नवा पाइप पडत होता. कॅम्पात कोकणातले पुष्कळ. वेल्डर, फिटर, वायरमन, सगळे एकटे. बायकामुलं आणण्याची परवानगी आमच्यासारख्या थोड्यांनाच.

गुणाजी लांज्याजवळच्या एका वाडीतला. बुटका, सावळा, दोन्ही मनगटांवर ठिणग्यांचे तांबूस डाग. तिकडे पाइपाच्या प्रत्येक जोडाचा एक्स-रे काढतात. हे म्हणायचे, "गुणाजीच्या जोडात डाग दाखव आणि पगार घेऊन जा."

आमच्या घरी तो पहिल्यांदा आला तो स्वयंपाकघरातल्या लोखंडी कपाटाची बिजागरी जोडायला. माझे देव त्या कपाटात होते, तुरीच्या डाळीचा डबा आणि पोह्यांचा डबा यांच्यामध्ये. तिथे देव उघड्यावर मांडायची सोय नव्हती, आणि मला त्याचं फार दुःखही नव्हतं. देवालाही भाड्याच्या घरात राहायची सवय असावी. पूजा झाली की दार लावायचं. गुणाजीने ते दार उघडलं, थबकला, चप्पल काढून हात जोडले आणि हळूच म्हणाला, "वहिनी, माझ्या पोरीचे देव कुठं ठेवायचे ते आज कळलं बघा."

"मुलगी तिकडे कोणाजवळ असते?"

"तशी पोरगी नव्हं वो. कादंबरीतली. वेरा."

मग कळलं. मुंबईत गोदीत होता तेव्हा युनियनच्या वाचनालयात त्याने रशियातल्या क्रांतीवरचं मिळेल ते वाचून काढलं होतं. इकडे तसली पुस्तकं आणायची सोय नाही. म्हणून डोक्यात होतं त्याच्या जोरावर तो स्वतःच कादंबरी रचत होता, जुन्या नकाशांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर. वेरा ही ओतकाम करणाऱ्या कारखान्याच्या मालकाची मुलगी. तिचं लग्न राजाच्या फौजेतल्या अधिकाऱ्याशी ठरलेलं. आणि तिचा जीव जडला बापाच्याच भट्टीवरच्या मित्या नावाच्या कामगारावर. शहरात गोळीबार सुरू झाला. नदीच्या पलीकडे मित्याचे सोबती त्याची वाट बघताहेत, अलीकडे वेरा घर सोडून आलेली, आणि मित्या पुलावर उभा. गुणाजीही तिथेच अडला होता. मित्याचं पाऊल कुठल्या बाजूला पडावं ते त्याला ठरत नव्हतं.

मी म्हटलं, "गुणाजीभाऊ, त्या लोकांनी देवळांना कुलपं घातली म्हणतात. असली गोष्ट माझ्या घरात कशाला?"

"म्हणून तर वेराचे देव कपाटात ठेवतोय वहिनी. तुमचं बघून."

मी चहा केला आणि कागद वाचायला घेतले.

बर्फ बरा होता. गोळीबार तर इतका चांगला की मी दूध उतू घालवलं. पण वेरा तोंड उघडायची आणि सगळं बिघडायचं. पुलावर ती मित्याला म्हणते, 'हे श्रमवीरा, तुझ्या घामाच्या थेंबात मला उद्याचा सूर्य दिसतो!'

"भीमाबाई तुम्हाला असं म्हणाल्या तर?" मी विचारलं. भीमाबाई म्हणजे त्याची बायको.

गुणाजीने खरोखर विचार केला. "भगताला बोलवीन," म्हणाला.

"मग? बाई अशी बोलत नाही. तो दोन दिवस गोळीबारात होता ना? ती आधी विचारेल, जेवलास का?"

गुणाजीने कानावरची पेन्सिल काढली. त्या दिवसापासून वेराची वाक्यं माझ्या स्वयंपाकघरात होऊ लागली. खरं सांगते, मला त्यात गोडी वाटायला लागली होती. वहीत एका एकादशीला मी 'साबुदाणा भिजवला नाही' याच्याखाली लिहून ठेवलंय, 'वेराने अंगठी परत केली. बरं केलं.'

भीमाबाईला वाचता येत नव्हतं. आपण लिहिलेलं तिने ऐकावं ही गुणाजीची फार इच्छा. त्या काळी कॅम्पातली माणसं पत्रांऐवजी कॅसेटी पाठवत. तास-तासभर बोलायचं आणि सुट्टीवर निघालेल्याच्या बॅगेत टाकायचं. तिकडून घरचे त्याच कॅसेटींवर आपलं बोलणं भरून परत पाठवायचे. तर ठरलं की कादंबरी कॅसेटीवर भरायची. मित्याचं गुणाजी बोलणार, आणि वेराचं मी.

हे वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, "भरा, पण त्यात रशिया नको. क्रांती नको. राजाच्या विरुद्ध तर एक अक्षर नको. आपण राहतो कुठे? विमानतळावर कोणी लावून ऐकली आणि कोणा मराठी समजणाऱ्याला विचारलं, तर आपण सगळेच खलास."

ह्यांचं बरोबर होतं. आम्ही रशिया काढला. राजाचा 'मोठा मालक' केला. नावं परदेशी म्हणून तीही काढली, नुसते 'मी' आणि 'तू' ठेवले. बर्फ काढताना गुणाजीचा जीव वरखाली झाला, म्हणून थंडी ठेवली. पहिल्या कॅसेटीच्या सुरुवातीला गुणाजीने नीट सांगितलं, "भीमे, ही मी रचलेली गोष्ट हाय. बाईचं बोलतात त्या आपल्या साहेबांच्या वहिनी." झालं. एकदा सांगितलं ते पुरे, असं आम्हा तिघांनाही वाटलं.

शुक्रवारी दुपारी, जेवणं झाल्यावर आम्ही भरायला बसत असू. हे समोर खुर्चीत, आमची वृंदा खाली चित्रं रंगवत, मी एअरकंडिशनर बंद करून घामाच्या धारांत, आणि गुणाजी माइकपुढे ताठ. पहिल्या दोन कॅसेटी श्रावणात रत्नाकरकडे दिल्या. रत्नाकर चिपळूणचा वायरमन, सुट्टी मंजूर होऊन विमानासाठी दम्मामला निघालेला. तिसरी भरून झाली तेव्हा मुस्तफा निघाला. मुस्तफा फिटर, गुणाजीच्या शेजारच्या गावचा, लहानपणापासूनचा दोस्त. तिसरी त्याच्याकडे.

दीड महिन्याने मुस्तफा परत आला तो सामान खोलीत टाकून थेट आमच्या दारात. गुणाजी माझ्याकडेच बसला होता. मुस्तफाने नमस्कार-चमत्कार काही केलं नाही.

"मेल्या, वर एक चिठ्ठी तरी चिकटवायची होतीस!"

"काय झालं रे?"

"काय व्हायचं राहिलं ते विचार. टेप माझ्याच घरचा नेला, दुसरा हाय कुठं वाडीत? अंगणात पन्नास माणूस. गुणाजीचा आवाज येणार म्हणून म्हातारी-कोतारी येऊन बसलेली. आणि तू काय बोलतोस? माझी माणसं तिकडं वाट बघतायत, पण पाय तुझ्याकडंच वळतात! मंग बाईचा आवाज. मालकाची पोरगी म्हणे. तुझ्यासाठी घर सोडून आले म्हणते. 'तू' म्हणते तुला, तू!"

"अरे, पण पहिल्या कॅसेटीत सांगितलंय की..."

"कसली पहिली? कुठली पहिली?"

रत्नाकर गावी गेलाच नव्हता. जायच्या कागदावर कफीलचा, म्हणजे तिकडच्या जामीनदार मालकाचा, एक शिक्का राहिला, कफील कुठे बाहेरगावी, आणि रत्नाकर आमच्या दोन कॅसेटी उशाला घेऊन दम्मामच्या कॅम्पात बसून होता. खफजीला कोणाला पत्ता नाही. भीमाबाईच्या कानी पहिल्यांदा गेली ती तिसरी.

माझा आवाज! पन्नास माणसांत, परक्या अंगणात, दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला मी म्हणत होते, तू गेलास तर मी कोणाकडे बघू.

"तू सांगितलं नाहीस, गोष्ट आहे म्हणून?" गुणाजीने विचारलं.

"मला काय ठाऊक? मीपण बघतच राहिलो. एक जण म्हणाला, तिकडं उन्हाळा असतो, ह्यो थंडी कसली सांगतो? तर तुझा चुलता म्हणतो, मशीन लावतात खोलीत, मालकाच्या पोरीकडं असणारच." मुस्तफाला हसू आलं आणि त्याने ते गिळलं. "भीमावयनी? 'जेवलास का' आलं, तशा उठल्या आणि गोठ्यात गेल्या. निघताना ही दिली माझ्याकडं."

तीच कॅसेट. आमच्या बोलण्यावर भीमाबाईने आपलं भरलं होतं. आम्ही ती लावली. टेपवर अर्धा तास कोणी बोलत नव्हतं. नुसतं अंगण ऐकू येत होतं. कोंबड्या, जातं, कुठेतरी कळशी ठेवल्याचा आवाज. मध्येच एक लहान आवाज, "आये, बोल ना, बाबा ऐकतायत." पुन्हा जातं. आणि अगदी शेवटी भीमाबाई, शांतपणे, "तिच्या हातचं जेवत जावा. पोटाची आबाळ करू नका."

गुणाजीने रडायला पाहिजे होतं. तो नुसता कॅसेट उलटून बघत राहिला, दुसऱ्या बाजूला काही आहे का. नव्हतं.

त्या आठवड्यात त्याच्या तीन जोडांत डाग निघाले. चौथ्या दिवशी ह्यांनी त्याला कामावरून उठवून सावलीत बसवलं. सुट्टीला आठ महिने होते. वाडीत फोन नाही. पत्राला वीस दिवस, आणि ते वाचणार कोण, तर वाडीतलाच कोणीतरी, सगळ्यांच्या देखत. "वहिनी, कादंबरी जाळतो," तो म्हणाला. "मला बायको पाहिजे, मित्याचं काय व्हायचं ते होऊ दे."

त्याच बुधवारी निरोप आला की कफीलचा शिक्का झाला, रत्नाकर शुक्रवारच्या विमानाने निघतो. गुरुवारी सकाळी कंपनीची गाडी दम्मामला जाणार होती. म्हणजे आमच्याकडे एक संध्याकाळ.

ह्यांनी स्वतः टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला. "आता सगळं सांगा," म्हणाले. "रशिया म्हणा, राजा म्हणा, नावं घ्या."

"आणि विमानतळावर?" मी विचारलं.

"माझ्या अक्कलहुशारीने त्याचं घर मोडायला आलंय. नोकरी काय, दुसरी मिळेल." माणूस इतका भित्रा, की रस्ता ओलांडताना माझा हात धरतो. त्या दिवशी मला ते फार उंच वाटले.

गुणाजी बोलला. अडखळला, शपथा घातल्या, पोरांच्या घातल्या, ग्रामदेवतेच्या घातल्या. ऐकून मलाच वाटेना की कोणी विश्वास ठेवील. लबाड माणूसही हेच बोलेल. मग माझी पाळी आली. मी माझं नाव सांगितलं, माहेर सांगितलं, वृंदाला एक श्लोक म्हणायला लावला. ती मध्येच 'ममी, फिनिश्ड?' म्हणाली. तरी मन भरेना. कुठलीही बाई कोणाच्याही मुलीकडून श्लोक म्हणवून घेईल.

मी उठले, कपाटाचं दार उघडलं आणि देवासमोर बसले. काय म्हटलं तर खोटी बाई ते म्हणू शकणार नाही? आणि सुचलं. परक्या पुरुषासाठी घर सोडलेली बाई सगळं काही बोलेल, पण पदर घेऊन, देवासमोर, कोणाचं तरी नाव घेणार नाही. मी टेपरेकॉर्डर तिथेच मागवला. लग्नानंतर बारा वर्षांनी उखाणा घेतला.

"फडताळात माझे देव, समई तेवते मनात,
हरिहररावांचं नाव घेते खफजीच्या रानात."

"भीमाबाई," मी म्हटलं, "'जेवलास का' हे माझं वाक्य. ते मी रोज ह्यांना विचारते, तिथून उचललं. तुमच्यावर ओरखडा काढायला नाही. आता तुम्ही घ्या नाव. नाही घ्यावंसं वाटलं तर घेऊ नका, मी समजेन."

ही नवी कॅसेट फडक्यात बांधली. तिच्यावर गुणाजीने रंगाने एक ठळक रेघ मारली, रत्नाकरजवळच्या दोन्हींवर दोन आणि तीन रेघा मारायचा निरोप दिला, आणि बरोबर मुस्तफाची ताकीद रत्नाकरला, "तुझ्या हातानं लाव, तुझ्या समोर ऐकव, नाहीतर परत येऊ नकोस."

पुढचे दोन महिने वहीत फारसं काही नाही. मी रोज देवाला एकच मागत होते, आणि ते माझ्यासाठी नव्हतं, म्हणून निर्लज्जपणे मागत होते. गुणाजी कामावर जायचा, यायचा. जोड हळूहळू स्वच्छ निघायला लागले. कादंबरी त्याने जाळली नाही, मी लपवून ठेवली होती, पोह्यांच्या डब्यामागे, देवांजवळ.

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. मी कपाटात लक्ष्मीचा कलश मांडला होता, आंब्याची पानं नसल्याने खजुराच्या झावळ्यांची पाच टोकं लावली होती. रत्नाकर आला, मागोमाग गुणाजी आणि मुस्तफा. रत्नाकरच्या हातात एक कॅसेट, आणि अर्धा किलो कोकमं. कोकमांच्या पुडीकडे बघूनच मुस्तफा म्हणाला, "सुटलास मेल्या. रागावलेली बायको आमसुलं धाडत नाय."

कॅसेटवर आधी बराच वेळ खोकला. मग भीमाबाई.

"वयनी, तुमचा उखाणा आयकला. सगळ्या अंगणानं आयकला. मी इतके दिवस गप होते, ती काय उगाच नव्हं. माहेरी निघाले होते पोरांना घेऊन. जायच्या आधी देवाला कौल लावला, थांबू का म्हणून. देवानं उजवा दिला, थांब म्हणाला. म्हणून थांबले, पण जीव थांबत नव्हता. बाकी सगळं सोसलं असतं वयनी, पण माझ्या माणसाला जेवलास का विचारणारी ही कोण, ते सोसवत नव्हतं. आता कळलं, तुमी तुमच्या माणसाला विचारता ते." मग नवऱ्याला, "अवो, आयकताय ना? वाडीतल्या समद्या बायका बसल्यात. लाज वाटते, पण घेते."

आणि मग, एका दमात,

"लोखंडाला लोखंड जोडी दर्याच्या पल्याड,
गुणाजीरावांचं नाव घेते, उघडून कवाड."

मागे बायका खिदळल्या. कोणीतरी म्हणालं, "गो बाय, अजून एक!" इकडे गुणाजी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसला होता, गुडघ्यात डोकं घालून, आणि मुस्तफा त्याच्या पाठीवर गुद्दे घालत होता.

कॅसेट संपलेली नव्हती. "आणि आयका," भीमाबाई म्हणत होती, "तीन कॅसेटी झाल्या, तो मेला अजून पुलावरच उभा! त्या पोरीला सांगा, धरून ठेवू नको त्याला. त्याची माणसं तिकडं हायत, जाऊ दे. धरून ठेवलेला माणूस घरात असून नसतो. पण उपाशी नको धाडू. भाकरी बांधून दे. येणारा असंल तर फडकं परत करायला येईल."

गुणाजीने डोकं वर केलं. "वहिनी," म्हणाला, "कागद कुठं आहेत?"

कादंबरीचा शेवट तसाच झाला. वेरा फडक्यात भाकरी बांधून देते, मित्या पूल ओलांडतो, बर्फात दोन वर्षं जातात, आणि एक दिवस दारात फडकं. पुस्तक काही छापून आलं नाही. गुणाजीने कोणाकडे पाठवलंही नाही. म्हणायचा, जिला ऐकवायची होती तिने ऐकली.

चौऱ्याऐंशीला आम्ही कायमचे परतलो. त्याच वर्षी रत्नागिरीहून येताना लांज्याला उतरून वाडीत गेलो. गुणाजी बाजाराला गेला होता. दार उघडं, पुढे कोणी नाही. मी अंगणातून हाक मारली, "आहे का कोणी घरात?"

मागच्या पडवीतून, मला न बघताच, बाईचा आवाज आला, "अगो, ही तर वेरा!"

भीमाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. उंच, गोरटेली, मी मनात चितारली होती तशी अजिबात नाही. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, मग ह्यांच्याकडे, आणि ह्यांना विचारलं, "साहेब, जेवलात का?"